भागी सोडताना

ताईचे सासर बुऱ्हाणपूर. तापीकाठी यंत्रमागांच्या खडखडाटात तिची तीस वर्षे गेली. घरात मराठी, बाजारात हिंदी. पण माझ्याशी फोनवर बोलताना पैशाचा विषय निघाला की ती हळूच कन्नडवर येते. आईची भाषा अशी उपयोगी पडते! गेल्या महिन्यात सगळा फोन कन्नडमध्ये झाला, तेव्हाच ओळखले की प्रकरण मोठे आहे.

दाजी, त्यांचा चुलतभाऊ आणि पुतण्या अशा तिघांची मागांची फर्म. भागी सारखी. दाजींचे गुडघे गेले, आता बाहेर पडायचे म्हणतात. वहीत त्यांचे भांडवल 8 लाख. पण शेडच्या जागेला आज भाव आला आहे, म्हणून 26 लाख देऊन त्यांना मोकळे करायचे ठरले. दाजींनी फोन घेतला. "तू कॉमर्सचा मास्तर. सांग, या 26 लाखांवर मी कर किती भरू?"

"तुम्ही नाही दाजी. फर्म भरणार."

दाजी खूश झाले. मी मात्र नाही.

जाणाऱ्या भागीदाराने घेतलेल्या पैशावर कर कोणाचा, यावर आपल्या न्यायालयांत अनेक वर्षे वाद चालला. कापडधंद्यातल्याच मनसुख डाइंग अँड प्रिंटिंग मिल्स या फर्मने 1993 मध्ये मालमत्तेचे पुनर्मूल्यांकन करून 17 कोटी 34 लाख रुपये भागीदारांच्या खात्यांवर जमा केले होते. त्यावर फर्मला कर लागतो, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला नोव्हेंबर 2022 उजाडला. त्याआधीच, 2021 च्या वित्त कायद्याने कलम 45(4) नव्याने लिहून सरकारने वाद मिटवला होता. जाणाऱ्याला मिळालेल्या रकमेतून त्याचे वहीतले भांडवल वजा करायचे. उरेल तो फर्मचा भांडवली नफा. पुनर्मूल्यांकनाने फुगवलेले भांडवल मात्र या वजाबाकीत धरायचे नाही. (2025 चा नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासूनचा, त्यात कलमांचे आकडे बदलले, हिशेबाचा गाभा तोच.)

म्हणजे दाजींचे 26 वजा 8, उरले 18 लाख. हा वाढावा सगळा जुन्या जागेचा असेल तर साडेबारा टक्क्यांनी सव्वादोन लाख आणि वर चार टक्के सेस. एकूण 2 लाख 34 हजार. तोच वाढावा शेड किंवा मागांचा निघाला, तर दर 30 टक्के. म्हणून मूल्यांकन नोंदणीकृत मूल्यमापकाकडून कागदावर हवे. पुढे ती जागा विकली तर या भरलेल्या कराशी जुळणारा नफा तिथे वजा मिळतो, पण नोंद आज केली असेल तरच. दाजींना पैशाऐवजी दोन माग न्यायचे असतील, तर फर्मने ते बाजारभावाने विकले असे धरून वेगळा कर बसतो.

आता दाजींच्या खुशीबद्दल. कर फर्मचा हे खरे, पण ज्या वर्षी तुम्ही भागीदार होतात त्या वर्षाच्या करासाठी तुम्हीही फर्मबरोबर व्यक्तिशः जबाबदार असता. बाहेर पडण्याचे वर्षही त्यातच आले. चुलतभाऊ-पुतण्याने कर थकवला, तर नोटीस दाजींच्या दारात येऊ शकते. जीएसटीचे तर आणखी कडक: निवृत्तीची लेखी खबर एका महिन्यात दिली नाही, तर खबर पोहोचेपर्यंतच्या देण्याला जुना भागीदार बांधलेला राहतो. राजपत्र आणि स्थानिक भाषेतले वर्तमानपत्र यांतली जाहीर नोटीस, फर्म निबंधकाकडची नोंद, बँकेच्या कर्जातून हमी सोडवणे, हे आणखी वेगळेच. आणि फर्म दोघांचीच असती, तर एक जाताच फर्मच उरली नसती.

कन्नडात भागीदाराला 'पालुदार' म्हणतात. पालु म्हणजे वाटा. नफ्याचा वाटा सगळ्यांना पाठ असतो. आपल्याकडे इचलकरंजीला काय आणि रबकवी-बनहट्टीला काय, भागीपत्र तीस-तीस वर्षे कपाटात पडून असते आणि जाणाऱ्याचा कर कोणी सोसायचा याची एक ओळ त्यात नसते.

मी विचारले, "हे 2 लाख 34 हजार पुतण्याला ठाऊक आहेत का?" पलीकडे शांतता. दाजी म्हणाले, "तो सीए करतोय ना सगळं." ताई मागून कन्नडमध्ये काहीतरी बोलली, ते छापण्यासारखे नाही.

शेवटी तिनेच तिघांना एका ताटावर बसवले. जेवणानंतर कागद निघाला. पुतण्या म्हणतो, निम्मा कर काकांच्या रकमेतून कापा, निम्मा आम्ही सोसतो. चुलतभाऊ त्यालाही तयार आहे. दाजींनी अजून होकार दिलेला नाही. काल ताईचा फोन आला, या वेळी मराठीत. म्हणाली, नव्या कागदावर कराची ओळ रिकामी ठेवली आहे, आकडा तेवढा भरायचा.