पेटीतली हिमरू शाल

दादीची हिमरू शाल आमच्या घरातून भांड्यांच्या बदल्यात जाणारच होती. धाकटीने ती जानमाजशेजारी अंथरली आणि विचारलं, "अब्बू, दोन्हींवर वेलबुट्टी सारखी कशी?"

इराणचा अर्दबील गालिचा हिजरी ९४६ चा, म्हणजे इ.स. १५३९-४० चा, आज तो लंडनच्या संग्रहालयात आहे. त्यावरही अशीच फुलांची वेल फिरते. आपल्या शेजारच्या औरंगाबादेत तसली इराणी वेल हिमरूच्या मागावर चढली, ताणा सुती, बाणा रेशमी. विणकरांनी तिच्याजवळ अजिंठ्याचं कमळही बसवलं, बिनदिक्कत!

शाल कडेला विरली आहे. भांडीवालीला आम्ही नाही म्हटलं. रविवारी औरंगाबादेत रफूगर शोधायचा आहे.