सोनोग्राफी : गरज आणि प्रघात

दिवस भरत आले की प्रत्येक गर्भवतीची आणखी एकदा सोनोग्राफी झालीच पाहिजे, ही समजूत शहरांतील मध्यमवर्गात आता चांगलीच रुजली आहे. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५८ साली ध्वनिलहरींनी टिपलेली गर्भाची चित्रे वैद्यकविश्वापुढे ठेवली. तेव्हापासून या तंत्राने असंख्य माता-बालकांना तारले, हे निर्विवाद आहे. तथापि, जे काहींना उपकारक ते सर्वांनाच आवश्यक, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

कॉक्रन संस्थेने २०१५ साली १३ चाचण्यांतील सुमारे ३५ हजार स्त्रियांची माहिती पडताळली. २४ आठवड्यांनंतरच्या सरसकट सोनोग्राफीचा लाभ माता वा अर्भक यांना झाल्याचे तीत दिसले नाही. नेदरलँड्समध्ये कमी जोखमीच्या १३ हजार गर्भवतींची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. अपुऱ्या वाढीची बाळे जन्मापूर्वी ओळखण्याचे प्रमाण १९ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर गेले. बालकांवरील गंभीर संकटे मात्र घटली नाहीत. ओळखणे म्हणजे वाचविणे नव्हे, हाच याचा अर्थ. शिवाय यंत्राने वर्तविलेल्या वजनात दहा-पंधरा टक्क्यांची तफावत सहज पडते. ‘बाळ लहान आहे’ एवढ्या शेऱ्याने घर धास्तावते आणि निरोगी बाळाच्याही जन्माची घाई होऊ शकते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बाळ पायाळू आहे का, हे हाताने चाचपून दर वेळी कळत नाही. छत्तिसाव्या आठवड्यातील सोनोग्राफी ते दाखविते. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, जुळे, खाली असलेली वार, मंदावलेली हालचाल, अशा प्रसंगी ती टाळणे अक्षम्यच ठरेल. निर्णय कारणावरून व्हावा, प्रघातावरून नव्हे.

यंत्र निर्दोष असले तरी त्याच्या वापराला विवेकाची मर्यादा लागते, हे महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातील पहिला कायदा १९८८ साली याच राज्याने केला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली शिफारस केली ती २४ आठवड्यांपूर्वीच्या एका सोनोग्राफीची. दुर्गम पाड्यावरील स्त्रीला ती एक सोनोग्राफीही वेळेवर मिळणे कठीण, आणि शहरात मात्र विनाकारण चौथी! ही विषमता आधी दूर व्हावी. रक्तदाब मोजणारे यंत्र, पोटाची उंची मोजणारी साधी टेप आणि आईचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणारा डॉक्टर यांची जागा कोणताही पडदा घेऊ शकत नाही.