जहाजाचा विमा आहे, खलाशाचा कोण काढणार?

आपल्या वस्त्यांमधली बारावी, आयटीआय झालेली मुले हल्ली 'शिपवर जातो' म्हणतात. आईचे दागिने गहाण पडतात, एजंटच्या हातात रोख रक्कम जाते. जहाज कोणते, त्यात काय भरले आहे, त्यावर झेंडा कुठला, यातले काहीच मुलाला ठाऊक नसते. विमा हा शब्द तर कुणी उच्चारतही नाही. म्हणून आज गॅस वाहणाऱ्या जहाजांबद्दल लिहायचे आहे. विषय दूरचा वाटेल, पण तो आपल्या दारातला आहे.

21 जानेवारी 2019. काळ्या समुद्राजवळची केर्चची सामुद्रधुनी. टांझानियाचा झेंडा लावलेली 'कँडी' आणि 'माएस्ट्रो' ही दोन जहाजे. एकातून दुसऱ्यात एलपीजी भरताना आग लागली. खलाशी मुख्यतः तुर्की आणि भारतीय. जीव वाचवायला माणसांनी गोठवणाऱ्या पाण्यात उड्या मारल्या. किमान दहा जण मेले, आणखी कित्येक बेपत्ता झाले. 18 ऑक्टोबर 2025 रोजी एडनच्या समुद्रात 'फाल्कन' या एलपीजी जहाजावर स्फोट झाला. झेंडा कॅमेरूनचा, खलाशी बहुतेक भारतीय.

टांझानिया, कॅमेरून यांचा या खलाशांशी संबंध काय? काहीच नाही. मालक एका देशात, नोंदणी दुसऱ्या देशात, कामगार तिसऱ्या देशातला. अपघात झाला की जबाबदारी कुणाची, हे शोधण्यातच वर्षे जातात. गटारात उतरणाऱ्या कंत्राटी सफाई कामगाराचा मालक मरणानंतर सापडत नाही. ही तीच व्यवस्था आहे. फरक एवढाच की इथे गटाराच्या जागी समुद्र आहे.

याचा अर्थ गॅसचे प्रत्येक जहाज म्हणजे बॉम्ब, असा नाही. उणे 162 अंशाला थंड करून, आकारमान सहाशे पटीने कमी करून एलएनजी वाहणारी मोठी जहाजे बऱ्यापैकी सुरक्षित मानली जातात. त्यांच्या सांगाड्याचा विमा वेगळा, मालाचा वेगळा, युद्धाच्या धोक्याचा वेगळा. खलाशाचा मृत्यू, प्रदूषण, तिसऱ्याचे नुकसान यासाठी 'पी अँड आय क्लब' असतात. जगातल्या सुमारे 90 टक्के जहाजांच्या टनेजला अशा 12 क्लबांच्या गटाचे संरक्षण आहे. या बारांत भारतातला एकही नाही. खरा धोका साचतो तो उरलेल्या जहाजांवर. जुनी, लहान, दर वर्षा-दोन वर्षांनी नाव बदलणारी, ज्यांच्या विमा कंपनीचा पत्ता कागदापुरताच असतो अशी ही जहाजे. आणि एजंटला पैसे देऊन मागच्या दाराने शिरलेला आपला मुलगा नेमका याच जहाजांवर पोहोचतो. धोका नेहमी उतरंडीच्या तळाकडे सरकतो. जातिव्यवस्थेने हे आपल्याला फार आधीच शिकवले आहे.

किनाऱ्यावरच्या माणसाचीही तीच गत. घातक माल वाहताना झालेल्या नुकसानीची भरपाई मिळावी म्हणून 1996 साली आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात एलएनजी, एलपीजी दोन्ही येतात. 2010 मध्ये त्यात सुधारणा झाली. तरी पाव शतकाहून अधिक काळ तो कागदावरच राहिला. मालकाची जबाबदारी मात्र जहाजाच्या टनेजनुसार मर्यादित करणारे नियम कधीचेच लागू आहेत. नफ्याला मर्यादा नाही, भरपाईला आहे!

पैशाचा धोकाही खालीच उतरतो. देशाला लागणारा निम्म्याहून अधिक एलपीजी आयात होतो, तोही मुख्यतः आखातातून, होर्मुझमार्गे. मे 2019 मध्ये फुजैराजवळ जहाजांवर हल्ले झाले. काही दिवसांतच लंडनच्या विमा बाजारातील समितीने आखाताचा धोक्याच्या यादीत समावेश केला. अशा यादीत नाव आले की फेरीमागे जादा हप्ता मागितला जातो. तो आयातीच्या खर्चात मिसळतो आणि शेवटी सरकारी तिजोरीवर किंवा सिलिंडरवर येतो. उज्ज्वलाचे कनेक्शन मिळालेली बाई दुसरा सिलिंडर भरताना दहादा विचार करते, तेव्हा लंडनमधला तो हप्ताही तिच्या चुलीपाशी बसलेला असतो.

बाबासाहेबांनी 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये विमा ही शासनाची मक्तेदारी असावी, आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा त्याच्या वेतनाच्या प्रमाणात सक्तीने आयुर्विमा असावा, अशी मागणी केली होती. ती मागणी संविधानात यावी अशी त्यांची इच्छा होती. आपण उलट्या दिशेने चाललो. 1999 मध्ये विमा क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुले झाले, 2021 मध्ये परकीय गुंतवणुकीची मर्यादा 74 टक्क्यांवर गेली. बाबासाहेबांचा विमा माणसापासून सुरू होत होता. आजचा विमा मालापासून सुरू होतो.

मग करायचे काय? भारताने 2015 साली सागरी कामगार करार मान्य केला आहे. तो मान्य केलेल्या देशांच्या जहाजांवर मृत्यू, अपंगत्व आणि खलाशाला वाऱ्यावर सोडले गेल्यास मदत, यासाठीच्या विम्याचे प्रमाणपत्र सर्वांना दिसेल असे लावावे लागते. तेव्हा सही करण्याआधी चार प्रश्न विचारा. एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का? झेंडा कुठला? पी अँड आय क्लब कोणता? मृत्यू झाल्यास घरी किती रक्कम मिळणार, ते करारात लिहिले आहे का? उत्तर टाळले गेले तर दागिने सोडवा आणि परत या.

विहारात, अभ्यासिकेत एमपीएससीच्या फलकाशेजारी हे चार प्रश्नही लावा. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा यातले 'शिका' म्हणजे आपल्या मरणाची किंमत कोण ठरवतो, हे वाचायला शिकणेसुद्धा आहे.

जय भीम!