नुसते ऐकवून भागणार नाही



गेल्या साली माझा अर्धा एकर ऊस हुमणीने खाल्ला. भाद्रपदात पाने पिवळी पडली, ऊस ओढला की मुळासकट हातात यायचा. मग धावाधाव करून औषध ओतले, पण वेळ गेली होती. खरा उपाय वळवाच्या पहिल्या पावसाबरोबर करायचा असतो. तेव्हा तिन्हीसांजेला भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते पाडायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. संशोधकांना हे कित्येक वर्षे ठाऊक आहे, माझ्या कानावर मात्र ते ऊस गेल्यावर पडले.

आता काही शास्त्रज्ञ आपले संशोधन पॉडकास्टवरून सांगू लागले आहेत. पॉडकास्ट म्हणजे मोबाईलवर हवा तेव्हा ऐकता येणारा रेडिओसारखा कार्यक्रम. रात्री दारे धरतानाही ऐकता येतो. इंग्रजी अहवालापेक्षा हे केव्हाही बरे. पण एकेकट्याने ऐकून काम होईल का?

याचा पडताळा आपल्याच मुलखात झालेला आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत ऐकणाऱ्यांची मंडळे काढली. आठवड्यातून दोनदा मंडळी एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकत, त्यावर बोलत आणि आपले प्रश्न आकाशवाणीला कळवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेने याची पाहणी केली. मंडळे होती त्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढली, नुसता रेडिओ होता तिथे फार थोडी.

हुमणीचेही तसेच आहे. मी एकट्याने भुंगेरे मारले तर शेजारच्या बांधावरचे माझ्याच रानात येणार. सगळी शिवार एका संध्याकाळी उठली तरच उपयोग.

म्हणून शेतकी खात्याला सूचना आहे. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातल्या किंवा मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेतल्या शास्त्रज्ञांचे पंधरा मिनिटांचे साधे मराठी बोलणे दर पंधरवड्याला प्रत्येक गट ऑफिसात ऐकवावे. चिटबॉयने सभासदांचे प्रश्न लिहून घ्यावेत, शास्त्रज्ञांकडे पाठवावेत आणि पुढच्या खेपेला त्यांची उत्तरे यावीत. प्रश्न परत जाणार नसतील तर ते नुसते भाषण झाले, आणि भाषणे आपण वार्षिक सभेत पुष्कळ ऐकतो.

वळीव कुणासाठी थांबत नाही. त्याआधी सुरुवात व्हावी, एवढेच मागणे.

— एक ऊस उत्पादक सभासद