पाण्यातच कोंबडीची बरकत

आमची तिजारत कापडाची. पण मालवणच्या बाजारात गावठी कोंबडीवर कित्येक घरांची चूल पेटते, म्हणून चार शब्द. थंड मुलखात कोंबड्यांचे पाणी गोठते. आपल्या किनाऱ्यावर ती फिकीर नाही. आपले दुश्मन ऊन आणि घाण. कोंबडी दाण्याच्या सुमारे दुप्पट पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. भांडे सावलीत, विटेवर ठेवा, रोज घासा. मानमोडीची लस पाण्यातून देताना ब्लीचिंग पावडरचे पाणी नको. लस निकामी होते. उघड्या डबक्याचे पाणी रानपाखरे नासवतात, त्यातून बर्ड फ्लूही येऊ शकतो. २००६ साली नवापुरात तो आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. दाण्याला पैसा आणि पाण्याला कंटाळा, हा आमच्या मते घाट्याचा सौदा आहे.