बेळगाव लोकसभा : समितीची मते मोजली जातात, पण कधी?

बेळगाव लोकसभा मतदारसंघातून महाराष्ट्र एकीकरण समितीचा उमेदवार आजवर निवडून आलेला नाही. याचे पहिले कारण नकाशातच आहे. आठपैकी बेळगाव उत्तर, दक्षिण आणि ग्रामीण एवढ्या तीनच विधानसभा क्षेत्रांत मराठी मतांचा जोर आहे. गोकाक, अरभावी, बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग इथे समितीचे गणित जुळत नाही. खानापूर कारवारकडे, निपाणी चिकोडीकडे. म्हणजे सीमाभागातला मराठी मतदार तीन खासदारांत वाटला गेला.

१९९६ मध्ये समितीने जिंकण्याचा नादच सोडला आणि निषेध म्हणून अर्जांचा पाऊस पाडला. रिंगणात ४५६ उमेदवार! तेव्हा डिपॉझिट ५०० रुपये, सगळ्यांचे मिळून फार तर सव्वादोन लाख. देशभर चर्चा झाली, निवडून मात्र जनता दलाचे शिवानंद कौजलगी आले. त्याच वर्षी कायदा बदलून डिपॉझिट १० हजार झाले. आज ते २५ हजार आहे, तेवढेच अर्ज भरायचे तर १ कोटी १४ लाख लागतील. २०१९ मध्ये पुन्हा तोच प्रयोग झाला, उमेदवार ५७ झाले, आणि सुरेश अंगडी ३ लाख ९० हजारांहून अधिक मतांनी चौथ्यांदा निवडून आले. आधी १९८० ते १९९१ सलग चार वेळा काँग्रेसचे सिदनाळ, मग २००४ पासून अंगडी. मतदारसंघ एकदा माणूस धरला की सोडत नाही.

अपवाद २०२१ चा. अंगडींच्या निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत समितीने एकच उमेदवार दिला, शुभम शेळके. त्यांना १ लाख १७ हजारांवर मते पडली. मंगला अंगडी सतीश जारकीहोळींपुढे जेमतेम ५,२४० मतांनी तरल्या. एरवी लोकसभेला भाजपकडे जाणारा मराठी तरुण त्या वेळी घरी परतला होता, हे उघड आहे.

तो टिकला का? नाही. २०२४ ला हुबळीचे जगदीश शेट्टर पावणेदोन लाखांहून अधिक फरकाने जिंकले आणि समितीचा उमेदवार शेळकेंच्या आकड्याच्या जवळपासही नव्हता. मधल्या तीन वर्षांत विधानसभेलाही समितीची पाटी कोरीच राहिली. लोकसभेला उमेदवार द्यायचा की नाही यावर बैठकांत दर वेळी वाद होतो. मात्र ती लाखभर मते नेमकी कुठल्या गल्लीतून, कुठल्या गावातून आली आणि कुठे गेली, याचा बूथवार हिशेब बैठकीच्या टेबलावर आधी यायला हवा.