सादाकोचे हजार पुरे झाले होते

जपानमध्ये कुणी आजारी पडले की घरचे, शेजारी, वर्गातली मुले कागदाचे क्रौंच पक्षी करतात, दोऱ्यात ओवतात आणि रुग्णाच्या खाटेपाशी नेऊन टांगतात. हजार पक्ष्यांच्या या माळांना सेनबाझुरू म्हणतात. एक चौकोनी कागद घ्यायचा. कात्री नाही, गोंद नाही. आपली पोरे वहीच्या पानाची होडी करतात तीच ही विद्या, घड्या तेवढ्या जास्त. क्रौंच हजार वर्षे जगतो अशी तिकडची जुनी समजूत, म्हणून हजार केले की इच्छा पुरी होते, असे म्हणतात.

या समजुतीबद्दल आम्हाला बोलायचे आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा सादाको सासाकी दोन वर्षांची होती. ती वाचली, शाळेत गेली, धावण्यात पटाईत निघाली. १९५४ च्या अखेरीस तिच्या मानेवर आणि कानामागे गाठी आल्या, मग पायांवर जांभळे डाग. फेब्रुवारी १९५५ मध्ये ती रुग्णालयात दाखल झाली. रक्ताचा कर्करोग होता. तिथे ती औषधाच्या वेष्टनांचेसुद्धा पक्षी करायची. २५ ऑक्टोबरला ती गेली, बारा वर्षांची.

एलिनॉर कोअर या लेखिकेच्या १९७७ च्या पुस्तकात ६४४ पक्षी झाले आणि सादाको वारली, असे आहे. जगभर हेच सांगतात. पण तिचा भाऊ आणि हिरोशिमाचे संग्रहालय सांगतात की तिचे हजार पुरे झाले होते, पुढेही ती करतच होती.

आम्हाला हा फरक फार मोठा वाटतो. ६४४ म्हटले की वाटते, अजून थोडे केले असते तर वाचली असती! नवस राहिला, गंडा सुटला म्हणून लेकरू गेले, हे ऐकून घेतलेल्या आया आपल्या वस्तीतही आहेत. आधीच पदर रिकामा, वर हा दोष. सादाकोचे काहीच कमी पडले नव्हते. घात बॉम्बच्या किरणांनी केला, आणि त्या काळी या रोगावर टिकणारा उपचार नव्हता.

आज आहे. लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग वेळेत कळला आणि उपचार पुरा केला तर बहुतेक मुले बरी होतात. ताप हटत नाही, मूल पांढरेफटक पडते, गाठी येतात, मार न लागता अंगावर निळे-जांभळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते, असे दिसले तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. थांबू नका.

मग पक्षी करायचे की नाही? करावेत. खाटेवरच्या मुलाचा दिवस सरता सरत नाही, त्याच्या हाताला काम मिळते. वर्गातल्या मुलांची माळ आली की आपल्याला कुणी विसरले नाही, हे त्याला कळते. कर्करोगाच्या औषधांनी मुलाची प्रतिकारशक्ती घटते, म्हणून रद्दीतला धुळकट कागद नको. कोरा, स्वच्छ कागद घ्या आणि आधी सिस्टरना विचारा. हजार मोजत बसायचे कारण नाही, मुलाचे हात दुखले की त्या दिवसापुरते थांबायचे.